मॉडेल ए ला नवं हेड बसलं!
आज फोर्ड मॉडेल ए (१९२८-३१ ची जुनी कार) चं जुनं हेड (सिलेंडरवरचं झाकण) काढून ५.५ कॉम्प्रेशनचं (म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण ५.५ पट दाबणारं) बसवलं आणि गाडी चढाला टॉप गिअरमध्येच अशी खेचत गेली की काय सांगू!! कंपनीचं कॉम्प्रेशन फक्त ४.२२, त्यामुळे ३.३ लिटरचं चार सिलेंडर इंजिन असूनही पॉवर ४० एचपीच. व्हॉल्व्ह हेडमध्ये नाही, ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य भागात) असतात म्हणून हेड बदलायला सोपं, इंजिन उतरवावं लागत नाही. फक्त स्टिअरिंगजवळचा स्पार्कचा लिव्हर (ठिणगी लवकर-उशिरा पाडणारा) आता आधीइतका खाली ओढायचा नाही, नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके) झालं की बॅबिटचे (मऊ धातूचे) बेअरिंग मार खातात. क्रँकला काउंटरवेट (तोल साधणारी वजनं) नाहीत, मेन बेअरिंग तीनच, म्हणून आरपीएम वाढवून पॉवर काढण्यापेक्षा कमी आरपीएमचा टॉर्क (ओढ) वाढवणंच बरं, कार्ब्युरेटर आणि कॅमचं नंतर बघू, आधी हेडच करा.