टोपणनाव घ्यायचं? आधी ठरवा, लपायचं कोणापासून

पुण्यात टिळक रस्त्यावर महाराष्ट्र साहित्य परिषदेचं माधवराव पटवर्धन सभागृह आहे. तिथल्या कार्यक्रमांना नेमाने जाणाऱ्यांतही हे पटवर्धन म्हणजे माधव ज्यूलियन, हे चटकन आठवणारे थोडेच. पुस्तकावर एक नाव, पाटीवर दुसरं, आणि कोणाचं काही अडलेलं नाही. मराठीतली बहुतेक गाजलेली टोपणनावं अशीच उघडी आहेत. शिरवाडकर कवितेला कुसुमाग्रज, नाटकाला वि. वा. शिरवाडकर. गडकरी कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. तिथे लपण्याचा प्रश्नच नाही, एकाच घराला दोन दारं इतकंच.

विभावरी शिरूरकर हे १९३३ साली पुस्तकावर आलेलं नाव मात्र निराळ्या जातीचं. स्त्रियांच्या मनातलं ज्या मोकळेपणाने त्या पुस्तकात आलं होतं, त्यावरून गदारोळ होणार हे उघड होतं. ते लिहिणाऱ्या मालती बेडेकरांना हे नाव झाकण म्हणून हवं होतं.

तुम्हाला यातलं कुठलं हवंय, ते आधी ठरवा. उघड्या टोपणनावाला फारसे सोपस्कार नाहीत. झाकलेल्याला आहेत, आणि 'कोणापासून' यावर ते बदलतात. सासरपासून, ऑफिसपासून, की सगळ्या जगापासून? पुण्यात तिसरं जवळपास अशक्य. लेखक, संपादक, मुद्रितशोधक आणि चित्रकार एकमेकांचे शेजारी तरी असतात नाहीतर व्याही तरी.

एक गैरसमज आधी दूर करू. टोपणनावासाठी राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये, नाव बदलावं लागत नाही. राजपत्र कायमचं नाव बदलण्यासाठी असतं. उलट, कागदोपत्री खरंच नाव राहू द्या. प्रकाशकाशी करार खऱ्या नावाने, आणि त्यात एक कलम: 'हे पुस्तक अमुक या टोपणनावाने प्रसिद्ध होईल.' ओळख झाकायची असेल तर दुसरं कलम: खरं नाव प्रकाशनसंस्थेत कोणाला कळेल. संपादक, हिशेबनीस, बस्स. करारच टोपणनावाने केला, तर पुढे रॉयल्टी मागणारे तुम्हीच आहात हे सिद्ध करण्याची वेळ तुमच्यावर येते. दिवाळी अंकाला कथा पाठवतानाही शीर्षकाखाली टोपणनाव, आणि वेगळ्या पत्रात खरं नाव, पत्ता, बँकेचा तपशील. मानधनाचा चेक टोपणनावाने निघाला तर तो खात्यात जमा होत नाही, आणि नवा मागायला चार फोन करावे लागतात.

आता ज्याचा कोणी विचार करत नाही तो भाग: मुदत. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार खऱ्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. टोपणनावाच्या पुस्तकाची ६० वर्षं मोजायची ती पहिल्या प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून. म्हणजे पुस्तक २०२६ साली आलं आणि लेखक २०६० साली गेला, तर झाकलेल्या नावाचा हक्क २०८६च्या अखेरीस संपतो. ओळख वेळेत उघड झाली असेल तर २१२०च्या अखेरीस. तब्बल ३४ वर्षांचा फरक, आणि तो नातवंडांच्या खिशातला. बरं, 'उघड झाली' म्हणजे काय, हेही कायद्यात दिलंय: लेखक आणि प्रकाशक दोघांनी जाहीर केली पाहिजे, किंवा लेखकाने ती न्यायालयात सिद्ध केली पाहिजे. कट्ट्यावर सगळ्यांना माहीत असणं यात धरत नाहीत. म्हणून जिवंतपणीच प्रकाशकाबरोबर ठरवून ठेवा, की अमुक साली दोघं मिळून नाव जाहीर करू. शिवाय हे टोपणनाव माझं आहे, असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र मृत्युपत्रासोबत ठेवा. वारसांच्या हाती निदान एक कागद राहतो.

कॉपीराइटची नोंदणी ऐच्छिक आहे, हक्क लिहिल्यापासूनच असतो. खऱ्या नावाने नोंदणी करणार असाल तर ते नोंदणीपुस्तक कोणालाही पाहता येतं, हे ध्यानात असू द्या.

नाव फुटतं ते बहुधा किरकोळ चुकांतून. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून तुमचं खरं नाव बसलेलं असतं, पीडीएफ केली तरी ते तसंच जाऊ शकतं. मुद्रितशोधकाला पाठवलेल्या प्रतीत बाजूच्या प्रत्येक शेऱ्यावर ते दिसतं. यूपीआयवर पैसे आले की बँकेतलं नाव झळकतं. आणि सगळ्यात हास्यास्पद प्रकार म्हणजे मुखपृष्ठावर टोपणनाव आणि आतल्या हक्कपानावर © पुढे खरं नाव! ते पान छपाईआधी स्वतः वाचा. अर्पणपत्रिकाही. 'चि. अमुकला' लिहिलं की नातेवाईक दोन मिनिटांत हिशेब लावतात.

सरकारी नोकरांनी तर टोपणनावावर अजिबात विसंबू नये. केंद्राच्या १९६४च्या वर्तन नियमांतला नववा नियम सरकारी धोरणावरच्या टीकेला मनाई करतो, आणि त्यात निनावी व टोपणनावाने केलेलं लेखनही येतं. निव्वळ साहित्यिक लेखनाला अडचण नाही. अडचण आहे ती साहेबाची टर उडवणाऱ्या विनोदी सदराला.

नाव निवडताना ते आधी देवनागरीत आणि रोमनमध्येही शोधून पाहा. हयात लेखकाच्या नावाच्या जवळ जाणारं नाव म्हणजे भांडणाला आमंत्रण. रोमन स्पेलिंग एकच ठरवा आणि आयएसबीएनपासून (पुस्तकाचा ओळखक्रमांक) किंडलपर्यंत तेच वापरा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की ऑनलाइन दुकानात तुमची पुस्तकं दोन लेखकांत वाटली जातात. (किंडलवर खातं खऱ्या नावाचंच लागतं, पुस्तकावर टोपणनाव चालतं.) आडनाव नसलेलं एकशब्दी नाव कवितेला शोभतं, पण 'सागर', 'मेघा' असलं काही असेल तर शोधयंत्रात ते कायमचं बुडालं समजा. शेवटची चाचणी पुण्याच्या पुस्तकबाजारात, अप्पा बळवंत चौकात. भर गर्दीत दुकानाच्या काउंटरवर ते नाव एकदाच म्हणून बघा. दोनदा 'काय?' आलं, तर दुसरं शोधा.