सेलूच्या वाटेवर, दोन चरव्यांसाठी

जानेवारीतला शनिवार. छत्रपती संभाजीनगरहून सकाळची गाडी धरली. जालना, परतूर मागे पडलं आणि खिडकीबाहेर हुरड्याला आलेली ज्वारी सुरू झाली. मावशी सेलूजवळच्या एका खेड्यात राहते. तिचं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर उन्हाळ्यात पाडून तिथे स्लॅब पडणार आहे. फोनवर ती सहज बोलून गेली, "जुनी भांडी मोडीत घालायलोत, तुला काही लागतंय का बघ." मी रंगांची पेटी, कॅनव्हास आणि जवसाच्या तेलाची बाटली बांधून निघाले.

मी शाळेत चित्रकला शिकवते. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीसाठी स्थिरचित्राचा सराव घेताना टेबलावर बहुतेक तोच संच असतो: एक मग, दोन फळं, मागे चुण्या पडलेला कपडा. पोरं कडा नीट काढतात, छायाही बऱ्यापैकी घासतात, पण भांड्याला वजन येत नाही. कागदावर ते चिकटवल्यासारखं दिसतं. खूप वर्षं मलाही हे कसं शिकवावं ते उमगत नव्हतं. मग एकदा मुंबईला एका प्रदर्शनात के. एच. आरा यांचं तैलरंगातलं स्थिरचित्र समोर आलं. एक भांडं, त्यात फुलं, बस्स. पण रंग असा जाड लावलेला की भांड्याच्या पोटावर हात फिरवावा वाटला. त्या खोलीत नावाजलेली पुष्कळ चित्रं होती. मी मात्र त्या एकाच चित्रासमोर उभी राहिले.

गाडी ज्या रुळांवरून धावत होती, तो मनमाड-सिकंदराबाद मार्ग निजामाच्या काळातला. पूर्वी मीटरगेज होता. हेच रूळ पुढे परभणी, नांदेड, बासर, निजामाबाद करत सिकंदराबादेला जातात आणि ते यायच्या जरा आधी बोलारम लागतं. कृष्णाजी आरा तिथे १९१४ साली जन्मले. तेव्हा आपला मराठवाडाही त्याच हैदराबाद संस्थानात होता. म्हणून मला हा माणूस परका वाटत नाही. लहानपणीच आई गेली. सात वर्षांचं पोर घर सोडून मुंबईला पळालं. तिथे लोकांच्या घरी काम केलं, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात पाच महिने तुरुंगात काढले. कलाशाळेचं रीतसर शिक्षण नाहीच. रुडॉल्फ फॉन लायडन या कलासमीक्षकाची नजर त्यांच्या चित्रांवर पडली, १९४२ मध्ये पहिलं एकल प्रदर्शन झालं, आणि १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलावंतांचा गट उभा राहिला तेव्हा आरा संस्थापकांत होते. पुढे सूझा लंडनला गेले, रझा पॅरिसला. आरा मुंबईतच राहिले आणि १९८५ साली तिथेच वारले. त्यांच्या ज्या कॅनव्हासला १९५२ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, त्याचं नाव 'टू जग्ज'. पाण्याचे दोन जग! राजा नाही, देव नाही, घोडा नाही. घरातली दोन भांडी.

हुसेन, रझांची नावं सगळ्यांच्या तोंडी असतात आणि आरांचं नाव घेतलं की समोरचा थांबतो, हे मला खरंच खुपतं.

मावशीच्या घरात शिरलं की आधी डोळ्यांपुढे अंधारी येते. मातीच्या भिंती हातभर जाड, खिडकी नावालाच. उजेड येतो तो वरच्या साण्यातून, माळवदाला ठेवलेल्या त्या एका भोकातून, सरळ खाली. स्थिरचित्राला याहून चांगला उजेड कुठला? एकाच बाजूचा, न हलणारा, म्हणजे निदान तासभर तरी. चुलीशेजारच्या देवळीत दोन पितळी चरव्या होत्या, पाण्याची जुनी भांडी. एकीच्या गळ्याशी पोचा आलेला, आत कल्हई उडून पिवळं पितळ उघडं पडलेलं. दुसरीच्या काठावर आजोबांचं नाव ठिपक्यांनी कोरलेलं, घासून घासून निम्मं गेलेलं. दोन्ही साण्याखाली पाटावर मांडल्या. नाववाली पाण्याने भरलेली होती, तशीच उचलून ठेवली.

मी तेलाची बाटली उघडली तशी मावशीने नाक वर केलं.

"ह्ये तर आपल्या जवसाचं तेल हाय की!"

आहेच. तैलरंगात पूड धरून ठेवायला बहुतेक जवसाचंच तेल लागतं. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू ओढून हळूहळू घट्ट होतं. म्हणून जाड थर आतपर्यंत वाळायला महिने घेतो. आरा सुरुवातीला जलरंग आणि गॉश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरत, पण त्यातही रंग इतका जाड लावत की तैलचित्र वाटावं. पुढे ते तेलाकडेच वळले. मावशीला मी हे सांगत होते आणि ती आठवत होती, की तिच्या सासऱ्यांच्या वेळी करडईच्या कडेने जवसाच्या निळ्या फुलांच्या ओळी असायच्या. आता चटणीपुरतं जवस बाजारातून येतं.

"माणसाचं चित्र काढ की. भांडी काय काढायलीस?" ती म्हणाली. मी आरांची गोष्ट सांगितली, लोकांच्या घरी काम करून वाढलेल्या पोराची. ती पदर सावरून शेजारीच बसली.

यलो ऑकरवर बर्न्ट सिएना, सावलीत अंबर आणि थोडा अल्ट्रामरीन. काळा मी लावत नाही, पितळ मरतं त्याने. पोच्याच्या कडेला पडलेली चमक सुरीने एकाच फटक्यात ठेवली. साण्याचा उजेड सरकत भिंतीकडे निघाला तोवर दोन्ही चरव्या बऱ्याचशा उभ्या राहिल्या होत्या. मला चित्र आवडलं होतं. मावशी बराच वेळ बघत राहिली आणि मग कोरलेल्या नावाच्या चरवीवर बोट रोखलं.

"ही रिकामी दिसायली."

"भरलेलीच आहे गं."

"तिथं भरलेली हाय. तुझ्या चित्रात रिकामी. भरल्या भांड्याचं बूड धरून बसतं. हिला नुसता धक्का लागला तरी सरकंल."

मी पाटाशी वाकून पाहिलं. खरंच, भरल्या चरवीच्या बुडाखाली सावलीची रेघ बारीक आणि गडद होती, पाटात रुतल्यासारखी. माझ्या चित्रात ती दोन्हींखाली सारखीच फिकी. मी अंबर घेतला, बुडाखालची ती रेघ पुन्हा ओढली, बाहेरची सावली जरा कमी केली. आयुष्यभर पाणी वाहिलेल्या हातांनी एवढं सांगितलं. मुंबईच्या त्या चित्रातलं वजन कुठून आलं असेल, ते मला तिथे पाटाशेजारी बसून कळल्यासारखं वाटलं. आरांचे हातही आधी कामाचे होते.

"आता बसली," मावशी म्हणाली, आणि उठून चुलीकडे गेली.

रविवारी दुपारी परत निघाले. रंग ओलाच होता, म्हणून कॅनव्हास दोन फळ्यांमध्ये, चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून बांधला. सेलूच्या फलाटावर नांदेडकडे जाणारी गाडी आधी आली आणि गेली. माझी आली तेव्हा फळ्या मांडीवर उभ्या धरून बसले. पिशवीत तळाशी पोच्याची चरवी होती. नाववाली मावशीने ठेवून घेतली, ती मोडीत जाणार नाही असं म्हणाली.