मारुती 800 चा क्लच, भाग दुसरा: आतला बुश

मागच्या भागात गिअरबॉक्स खाली आला होता. तिथून पुढे.

गाडी कार्बुरेटरवाली, चार गिअरची. तक्रार जुनीच: क्लचचा पेडल दगडासारखा जड, दाबताना करकर, आणि थंड इंजिनवर पहिला गिअर टाकताना खर्रकन आवाज. आधीच्या मालकाने केबल बदलली होती, पावती डॅशबोर्डच्या खणात सापडली. त्याने फरक पडला नव्हता, आणि पडणारही नव्हता. क्लचप्लेट मोजली तर रिव्हेट अजून पुरेसे खोल होते. अर्धा मिलिमीटर उरला की प्लेट बाद धरतात, ही त्याच्या बरीच वर होती. प्रेशर प्लेटची बोटं थोडी झिजलेली. म्हणजे सेट नवा टाकला तरी पेडल हलका झाला असता असं मला वाटत नाही. खरा रोग रिलीज शाफ्टमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर फिरून क्लच सोडवणाऱ्या दांड्यात होता. फोर्क ज्या शाफ्टवर आहे तो हाताने फिरवून पाहिला: एका जागी अडकत होता आणि दुसऱ्या जागी खुळखुळत होता. दोन्ही बुश, म्हणजे शाफ्टला आधार देणारी छोटी नळकांडी, गेलेले.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी: शाफ्ट घंटेच्या आकाराच्या केसिंगमध्ये दोन बुशवर फिरतो. बाहेरचा बुश ऑइल सीलच्या मागे, तो आतून ठोकला की सीलसकट बाहेर येतो. आतला बुश मात्र अशा भोकात बसलाय जे आरपार नाही. मागून ठोकायला जागाच नाही. म्हणूनच बऱ्याच गॅरेजमध्ये त्याला हात न लावता ग्रीस भरून गाडी परत करतात. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी एकदा दिल्यावर हा पन्नास-शंभराचा तुकडा तसाच ठेवणं मला पटत नाही.

काढायची कंपनीची पद्धत सोपी आहे: बुशमध्ये 14 × 1.5 चा टॅप (आटे पाडायचं हत्यार; 14 मिमी व्यास, 1.5 मिमीचा आटा) घालायचा आणि टॅपला सरकत्या वजनाचा पुलर लावून ओढायचं. तो पुलर माझ्याकडे नाही. म्हणून भोकाच्या तळाशी सायकलच्या बेअरिंगची एक गोळी टाकली आणि टॅप फिरवत गेलो. टॅप बुशमध्ये आटे पाडत खाली जातो, गोळीला टेकतो, आणि मग फिरवत राहिलं की टॅप जागेवर राहतो आणि बुश वर चढतो. गोळी नसेल तर टॅपचं टोक थेट अॅल्युमिनियममध्ये घुसेल, ती विसरू नका. स्पार्क प्लगच्या आट्यांचा टॅप 14 × 1.25 चा असतो, तोही चालावा. बुश नाहीतरी फेकायचाच असतो. जुना बुश एका बाजूने पार कागदासारखा पातळ झालेला निघाला.

काढणं इतकं सरळ गेलं, की बसवणं त्याहून सरळ जाईल असं कुणालाही वाटलं असतं.

नवा बुश नाना पेठेतून आणला. काउंटरवरचे काका म्हणाले, "फक्त बुश? अहो, आख्खा सेट घेऊन जा ना साहेब, परत खोलणार का?" सेटही घेतला, कारण प्रेशर प्लेट तशीही बदलायची होती. पण बुश घरी आणून भोकाच्या तोंडावर ठेवला तर धरायलाच तयार नाही. एक बाजू आत जाते तोवर दुसरी वर. मायक्रोमीटर लावला: नवा तुकडा जुन्यापेक्षा आठ शतांश मिलिमीटर जाड, आणि कडेला उतार जवळजवळ नाहीच.

इथे सगळे सांगतात, "केसिंग तापव, बुश फ्रीजरमध्ये ठेव." सल्ला बरोबर आहे, पण आकडे पाहा. अॅल्युमिनियमचं भोक दर 10 मिमी व्यासाला 60 अंशांमागे सुमारे 0.014 मिमी मोठं होतं. आपल्या भोकाला त्यातून दोनेक शतांश मिळतात, फ्रीजरमधून आणखी एखादा. आठ शतांशाचा घास तीनने गिळता येत नाही. हातोडीने रेटला असता तर बुश तिरका जाऊन भोकाची भिंत ओरबाडली असती, आणि ते भोक गेलं की केसिंगच गेलं.

म्हणून लेथ चालवणाऱ्या टर्नरकाकांकडे गेलो. मी शतांश, दशांश सुरू केल्यावर त्यांनी थांबवलं. "आकडे राहू दे भाऊ, जुना-नवा दोन्ही दे इकडे." बुश मँड्रेलवर (लेथमध्ये धरायच्या दांड्यावर) चढवून बाहेरून नावापुरता एक काप घेतला आणि पुढच्या कडेला मिलिमीटरभर उतार दिला. मुद्दाम थोडा जाडच ठेवला, नाहीतर शाफ्टबरोबर फिरायला लागेल. त्याच बैठकीत माइल्ड स्टीलच्या बारमधून पायरीचा पंच करून घेतला: पुढचं टोक बुशच्या भोकात अलगद जाणारं, मागचा खांदा बुशच्या कडेवर टेकणारा, बाहेरचा व्यास बुशपेक्षा किंचित कमी. या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू हीच. सॉकेट उलटा धरून ठोकणाऱ्यांनी एकदा असा पंच वापरून पाहावा.

रात्री बुश पंचासकट फ्रीजरमध्ये. सकाळी आईने मटार काढताना विचारलं, "हे काय लोखंड ठेवलंयस रे अन्नात?" तेवढ्यात केसिंगला हीट गनने चारी बाजूंनी गरम करत होतो, पाण्याचा थेंब टाकला की सुर्र होईल इतपत. सील आधीच काढलेलं होतं, त्यामुळे रबर जळण्याची भीती नव्हती. बुश पंचावर अडकवला, भोकात उभा धरला, आणि छोट्या हातोडीने ठोके दिले. पहिल्या दोन ठोक्यांनंतर थांबून गुण्या लावून सरळ आहे का पाहिलं. मग आवाज ऐकत गेलो: जात असतो तोवर ठोका बद्द येतो, तळाला टेकला की टणक, घंटेसारखा. तिथेच थांबायचं. एक ठोका जास्त म्हणजे तळ फुटण्याला आमंत्रण.

पण शाफ्ट जाईना. घट्ट बसवलेल्या बुशचं आतलं भोक थोडं आवळतं, ते अपेक्षितच होतं. अॅडजस्टेबल रीमर (भोक आतून किंचित खरवडून मोठं करायचं हत्यार) हाताने, अगदी थोडा थोडा उघडत फिरवला. प्रत्येक वेळी भुसा पुसून शाफ्टला निळी शाई लावून बघायचं, कुठे घासतंय ते. शेवटी शाफ्ट स्वतःच्या वजनाने खाली उतरला आणि बोटाने ढकलल्यावर डुलला नाही. बाहेरचा बुश आणि नवं सील त्यामानाने अर्ध्या तासाचंही काम नव्हतं. सीलच्या कडेला पंचाने दोन-तीन जागी केसिंग दाबून घेतलं, म्हणजे ते बाहेर सरकत नाही.

बाकीचं नेहमीचं. प्लेट मधोमध धरायला भंगारातला जुना इनपुट शाफ्ट, कव्हरचे सहा बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे, शेवटी 23 न्यूटन-मीटर. स्प्लाइनला, म्हणजे प्लेट ज्यावर सरकते त्या शाफ्टवरच्या खाचांना, ग्रीसचा फक्त ओलावा. जास्त लावलं की ते प्लेटवर उडतं आणि क्लच थरथरतो. रिलीज आर्मला 2 ते 4 मिमी मोकळी चाल ठेवून केबल अडकवली. पेडल आता बोटांनी दाबता येतो, इतका की आधी केबल तुटली की काय असं वाटलं.

सासवडहून दिवे घाट उतरून परत चढवला. घाटात पहिला-दुसरा बदलताना कुठे अडलं नाही. मात्र डावीकडच्या एक्सलच्या सीलमधून गिअर ऑइलचा ओघळ दिसतोय, तेव्हा 80डब्ल्यू-90 चा डबा परत उघडावा लागणार. त्या सीलच्या दोन वेगवेगळ्या बनावटी बाजारात आहेत. तुमच्यापैकी कुणी चार गिअरच्या बॉक्सला लावलं असेल तर सीलचा रबरी ओठ कोणत्या बाजूला आणि स्प्रिंगवालं की बिनस्प्रिंगचं, एवढं सांगा. नाना पेठेत जायच्या आत कळलं तर बरं.