शून्य विक्रीचा अर्थ लावताना

स्वतःच्या पैशांवर स्टार्टअप काढायचा तर पहिलं गणित प्रॉडक्टचं नाही, शिलकीचं. बाजूला ठेवलेली रक्कम भागिले महिन्याचा खर्च, आणि त्यात घरखर्चही धरायचा. तो वगळला की आकडा उगाच गोड दिसतो. उत्तर 9 महिने आलं, तर एकाच कल्पनेला 9 महिने देऊ नका. 6-6 आठवड्यांचे 4 डाव खेळा, उरलेले साधारण साडेतीन महिने राखीव.

6 आठवड्यांपैकी 2 बनवायला, 4 विकायला. बहुतेकांचं इथेच उलटं होतं, कारण कोड लिहिताना कुणी नकार देत नाही. पहिल्या 10 ग्राहकांसाठी डॅशबोर्ड लागत नाही. रिपोर्ट हाताने एक्सेलमध्ये करून मेल केला तरी चालतो. पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा) अर्ज मात्र पहिल्याच दिवशी टाका, कागदपत्रांच्या तपासणीत दिवस जातात.

बनवण्याआधीही चाचणी घेता येते. 2010 मध्ये 'बफर' (सोशल मीडियावर ठरल्या वेळी पोस्ट टाकणारं ॲप) सुरू करताना जोएल गॅस्कॉइन यांनी आधी फक्त एक वेबपान टाकलं. बटण दाबलं की 'अजून तयार नाही, ईमेल द्या' असा मजकूर यायचा. मग मधे किमतींचं पान घातलं. किंमत पाहूनही पुढे ईमेल देणारे निघाले, तेव्हा कुठे खरं प्रॉडक्ट बनवायला घेतलं.

आता शून्य विक्रीकडे. 30 जणांनी पान पाहिलं, कुणीच घेतलं नाही, म्हणून कल्पना मेली असं होत नाही. संख्याशास्त्रात यासाठी 'तीनचा नियम' आहे: 3 भागिले पाहणाऱ्यांची संख्या. 30 जणांत शून्य म्हणजे घेणाऱ्यांचं खरं प्रमाण 10 टक्क्यांपर्यंतही असू शकतं (95 टक्के खात्रीने). 300 जणांत शून्य आलं तर कमाल 1 टक्का. तेवढ्यावर धंदा चालणार आहे का, हे सुरू करण्याआधीच कागदावर लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलात तर मन पळवाट काढतंच.

पान पाहिलं, किंमत पाहिली, पैसे भरले, हे तीन आकडे वेगळे मोजा. किमतीपर्यंतच कुणी पोचत नसेल तर मजकूर चुकलाय किंवा माणसं चुकीची आहेत. किंमत पाहून परत जात असतील तर लगेच सवलत देऊ नका, फोन करा. 'वापराल का?' हा प्रश्न फुकट. भिडेखातर लोक 'हो' म्हणतात. 'हे काम शेवटचं कधी केलं, कशाने केलं, किती खर्च आला?' हे विचारा.

विक्री झाल्यावर गळती बघा. दरमहा 10 टक्के ग्राहक सोडून जात असतील तर एक ग्राहक सरासरी 10 महिने टिकतो. त्याला मिळवायचा खर्च 10 महिन्यांच्या नफ्याहून जास्त असेल, तर वाढ म्हणजे जलद तोटा.

आणि वर्षाचे आगाऊ आलेले पैसे शिलकीत धरू नका. पाचव्या महिन्यात गाशा गुंडाळावा लागला, तर 7 महिन्यांचे पैसे परत द्यायचे असतात.