आधी तिथी बघा, मग आंजर्ल्यात राहायची खोली ठरवा

कोकणात लहान मुलं घेऊन जाताना बहुतेक जण सुट्टी बघतात. आम्ही कॅलेंडरवरची तिथी बघितली. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशोब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या आसपास आणि ओहोटी ऐन दुपारी बाराला, उन्हाच्या तडाख्यात. मुलांसाठी अगदी निरुपयोगी. द्वितीयेला भरती दीडच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसातला. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास ओहोटीला पाणी समुद्रात खूप आत ओसरतं. म्हणून माघ वद्य द्वितीया गाठून आम्ही दापोली तालुक्यातलं आंजर्लं गाठलं. सोबत माझी पाच वर्षांची लेक आणि सात वर्षांचा भाचा.

सकाळी ओल्या, टणक वाळूचं मैदानच पसरलं होतं. मुलं चार पावलं गेली आणि बसलीच. वाळूत नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येत होते. ते वाळू तोंडात घेतात, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांची नक्षी होते आणि पुढची भरती ती पुसून टाकते. आपण हललो की सगळे गुडुप. दगडासारखं स्थिर बसलं की पुन्हा वर. एरवी एका जागी न टिकणारी ही दोघं श्वास रोखून बसली होती. किनाऱ्याचं दुसरं टोक बघायचं राहिलं, आणि मला ते अगदी योग्य वाटलं. मुलांबरोबर अंतर मोजू नये.

पाण्यात खेळायचं तर जोग नदीच्या मुखापासून लांबच. तिथे ओढ असते. खडकांकडे जाताना मागे पट्टा असलेल्या चपला हव्यातच, कारण खडकांना चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा पात्यासारख्या कापतात.

कड्यावरच्या गणपतीला गाडीरस्ता आहे, पण पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने चढा. ऊन उतरल्यावर, साडेचारनंतर. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, त्यामुळे लहान पायांना मध्ये मध्ये थांबावं लागतं. थांबू द्या. उतरताना मात्र हात सोडू नका, पाचोळ्यावरून पाय सटकतो. वरून सुवर्णदुर्ग दिसला तसा भाचा म्हणाला, "मामा, किल्ला पाण्यात बांधला की पाणी नंतर आलं?"

दुसऱ्या दिवशी हर्णैला गेलो. सुवर्णदुर्गाला होडीने जाता येतं, पण एवढ्या लहान मुलांना घेऊन होडीतून चढउतार मला नको वाटली. त्याऐवजी किनाऱ्यालगतचा कनकदुर्ग चढलो. चढ छोटा, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, आणि भाच्याच्या प्रश्नावर बोलायला ही जागा उत्तम.

राहायला घरगुती सोय बघा. आम्ही उतरलो त्या घरच्या आजींनी सकाळी मऊ भात, मेतकूट आणि तूप वाढलं. "पोरांना उपाशी चढवू नका हो," म्हणाल्या. तो भात दुपारपर्यंत पुरला.

कासवांची पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ धरा. कासवांसाठी वेळास हे गाव जास्त प्रसिद्ध असलं तरी आंजर्ल्यातही ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपतात. पिल्लं साधारण सकाळी आणि संध्याकाळी सोडतात, तीही अंड्यांतून बाहेर आली तरच. हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या अलीकडेच उभं राहायचं.

येण्यासाठी कोकण रेल्वेचं खेड स्टेशन सोयीचं, तिथून दापोली साधारण ३० किलोमीटर. रस्ता वळणावळणाचा आहे, मुलांना गाडी लागते. आलेपाक आणि पिशव्या हाताशी ठेवा. ताप-उलटीची औषधं आणि ओआरएस दापोलीतच घ्या.