कॅरेटने फिरवलेला टॉर्क

रोबोटच्या हाताचं सिम्युलेशन हे आमच्या टीमचं काम. टेस्टिंगकडून तक्रार आली: हाताला एकच बल लावलं की आकडे बरोबर, सोबत दुसरं लावलं की टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, भलत्याच अक्षाभोवती. सूत्रं कागदावर पुन्हा मांडून झाली होती, त्यात काही खोट नव्हती.

माझ्याकडे आल्यावर मी सर्वांत साधी केस घेतली. आडवी दांडी एक्स अक्षावर, सांध्यापासून १ मीटरवर १० न्यूटन, २ मीटरवर ५ न्यूटन, दोन्ही बलं वाय दिशेने. तोंडी हिशेब: झेड अक्षाभोवती २० न्यूटन-मीटर. प्रोग्राम म्हणत होता, एक्स अक्षाभोवती उणे ५०!

सी++ मधली ओळ अशी होती, फक्त नावं इथे मराठीत देतोय:

टॉर्क = अंतर१ ^ बल१ + अंतर२ ^ बल२;

व्हेक्टरच्या (दिशा असलेल्या राशीच्या) क्लासमध्ये फार पूर्वी कुणीतरी ^ म्हणजे कॅरेट हे चिन्ह क्रॉस प्रॉडक्टसाठी, म्हणजे दोन व्हेक्टरच्या गुणाकारासाठी, ओव्हरलोड केलेलं, म्हणजे त्याला हा नवा अर्थ दिलेला. वाचणाऱ्याचा डोळा गुणाकार आधी करतो. सी++ मध्ये मात्र ^ मुळात एक्सऑर या बिटांवरच्या क्रियेचं चिन्ह, त्याचा अग्रक्रम + च्या खाली, म्हणजे + आधी होतं. ऑपरेटरला नवा अर्थ देता येतो, अग्रक्रम बदलता येत नाही. त्यामुळे आधी बल१ आणि अंतर२ यांची बेरीज झाली. न्यूटनमध्ये मीटर मिसळले आणि कोड तपासून भाषांतर करणारा कंपाइलर गप्प, कारण दोन्ही व्हेक्टरच. त्याच क्रमाने मी हाताने गणित केलं; उणे ५० तंतोतंत आलं.

गंमत म्हणजे लॉगच्या, म्हणजे आकडे छापणाऱ्या, ओळींत सगळीकडे कंस होते. छापण्याचं चिन्ह << चा अग्रक्रमही ^ च्या वरचा, त्यामुळे तिथे कंस नसेल तर कोड कंपाइलच होत नाही.

"अरे, इथेही कंस टाक, विषय संपला. सूत्र पुस्तकातल्यासारखं दिसतंय ना," एक सहकारी म्हणाला. मला ते अजिबात पटलं नाही. लिहिणाऱ्याचे चार अक्षरांचे कष्ट वाचतात, पण पुढे वाचणाऱ्या प्रत्येकाने अग्रक्रमाचा तक्ता डोक्यात ठेवायचा? व्हेक्टरच्या + आणि - ला माझा पूर्ण पाठिंबा आहे, कारण गणितातला अर्थ आणि क्रम तिथे जसाच्या तसा राहतो. ^ चं तसं नाही. आयगेन या सी++ च्या गणिती लायब्ररीतही मॅट्रिक्सच्या गुणाकाराला * आहे, पण क्रॉस आणि डॉट प्रॉडक्टला सरळ नावाची फंक्शन्स आहेत.

शेवटी ते ओव्हरलोडच काढून टाकलं आणि क्रॉस नावाचं फंक्शन केलं. आता कंपाइलर जुनी प्रत्येक जागा एरर म्हणून दाखवू लागला. त्यात एक ओळ सापडली: वेग + कोनीयवेग ^ अंतर. म्हणजे तळाचा वेग आधी कोनीय वेगात मिळवला जात होता. आमचा रोबोट जमिनीला बोल्टने पक्का, तळाचा वेग शून्य, म्हणून उत्तर कायम बरोबर यायचं. पुढच्या रिलीजमध्ये त्याला चाकं बसणार होती.