तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी सोडून खांबाचा फोटो कशाला?

"काका, गाडी तर केव्हाची गेली. आता कशाचा फोटो काढताय?"

अजनीच्या पुलाजवळ कॉलेजातल्या एका मुलाने मला हे विचारलं. असं विचारणारा तो पहिला नव्हता. संत्रा मार्केटच्या बाजूच्या चहावाल्याने विचारलंय, प्लॅटफॉर्मवर ड्यूटीला असलेल्या जवानाने विचारलंय, शेजारच्या काकू तर दर रविवारी विचारतात. माझी बहीण म्हणते, "दादा, इंजिनाचा फोटो मी समजू शकते. पण खांब? फाटक? ती ढकलायची ट्रॉली? आणि वरून ते सगळ्यांना पाठवायचे?" इतक्या जणांनी विचारलंय, तर एकदा नीट सांगतो.

रेल्वेचं वेड असलेल्या माणसाला नागपुरात राहायला मिळणं हे भाग्यच. मुंबई, हावडा, दिल्ली, चेन्नई, चारही दिशांच्या गाड्या इथून जातात. मोहननगरच्या बाजूला रूळ एकमेकांना आडवे छेदतात, ते डायमंड क्रॉसिंग बघायला बाहेरगावचे लोक मुद्दाम येतात. अजनीला विजेच्या इंजिनांचं शेड आहे. 12,000 अश्वशक्तीचं जोडइंजिन मालगाडी घेऊन निघालं की मी आजही हातातलं काम सोडून बघत राहतो. गड्डीगोदामला एकाच जागी खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांत वर मेट्रो. चारही एका फ्रेममध्ये धरायला मला तीन रविवार लागले.

बरीच वर्षं मीही फक्त इंजिनांच्याच मागे होतो. रात्री जेवणं झाली की आम्ही मित्र एकमेकांना फोटो पाठवायचो. इंजिन कुठल्या शेडचं, रंग नवा की जुना, डबे किती, यावर बारा-बारा वाजेपर्यंत बोलणं चालायचं. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-बिलासपूर वंदे भारत सुटली, त्या दिवशी तर ज्याच्या हातात फोन होता त्या प्रत्येकाने फोटो काढला. त्यात आनंदच आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, छोट्या लाईनीवर, माझ्या हातून एक गोष्ट सुटली होती, आणि माझं उत्तर तिथे आहे.

छोटी लाईन म्हणजे आमची नॅरोगेज. दोन रुळांत जेमतेम अडीच फूट, 762 मिलिमीटर अंतर; ब्रॉडगेजला ते 1,676 मिलिमीटर असतं. बंगाल नागपूर रेल्वेने 1908 साली नागपूर-नागभीड मार्ग सुरू केला. इतवारीहून निघालेली गाडी कुही, उमरेड, भिवापूर करत नागभीडला जायची. वेग असा की खिडकीतून शेतातल्या माणसाशी दोन वाक्यं बोलून व्हावीत. मिरचीच्या दिवसांत भिवापूरला डब्यात शिंका सुरू व्हायच्या. छिंदवाड्याची छोटी लाईन 2015 च्या अखेरीस बंद झाली आणि नोव्हेंबर 2019 मध्ये नागभीडचीही. मार्ग ब्रॉडगेज करायचा होता आणि तो व्हायलाच हवा होता. त्या भागातल्या लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शेवटच्या दिवसांत मी चार वेळा गेलो. इंजिनाचे, डब्यांचे, दारात लोंबकळणाऱ्या पोरांचे मिळून दोनशेच्या वर फोटो काढले. आज त्यातले सहा-सातच उघडून बघावेसे वाटतात.

जो फोटो मी आता सगळ्यांत जपतो, तो त्याआधी दोन वर्षं, हिवाळ्यात, उमरेड आणि भिवापूरच्या मधल्या एका फाटकावर चुकून निघालेला आहे. मी गाडीची वाट बघत होतो आणि गाडीच्या आधी ट्रॉली आली. रूळ तपासायला साहेब ट्रॉलीवरून फिरतात. लाकडी फळ्यांचा चौथरा, चार चाकं, एक बाक, हाताचा ब्रेक, काठीला लाल झेंडी, वर मोठी छत्री. चार ट्रॉलीमनपैकी दोघं मागून ढकलत येत होते, एक या रुळावर आणि दुसरा त्या रुळावर. तीन बोटं रुंदीच्या लोखंडावरून, खाली न बघता, तोल सांभाळत पळायचं आणि वेग आला की उडी मारून मागच्या फळीवर बसायचं. फाटकापाशी ते थांबले. गाडीची वेळ झाली होती. चौघांनी चार कोपरे धरले, "हां" म्हणाले आणि अख्खी ट्रॉली उचलून रुळाबाहेर खडीवर ठेवली. गाडी गेली, ट्रॉली पुन्हा रुळावर चढली, निघाली. सगळं मिळून दहा मिनिटं. गाडी येईपर्यंत वेळ घालवायचा म्हणून मी ट्रॉलीचे चार फोटो काढले होते.

लाईन बंद झाल्यावर एका रात्री ते चार फोटो मी इतरांना पाठवले. ते कुणाकुणाच्या फोनवरून फिरत उमरेडला पोचले. आठवडाभराने एका मुलाने मला त्याच्या आजोबांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

"हे त आमचीच ट्रॉली हाय जी. कोपऱ्याले पत्रा दिसते ना, थो मीच ठोकला होता. डालड्याच्या डब्याचा."

मी फोटो मोठा करून बघितला. मागच्या फळीचा उजवा कोपरा चिरलेला होता आणि त्यावर खरंच पत्र्याचा तुकडा होता, पाच खिळ्यांनी बसवलेला. एका खिळ्याचं डोकं वाकलेलं. त्या फोटोकडे मी पन्नासदा तरी बघितलं असेन, पण पत्रा मला तोवर दिसला नव्हता. ज्याने तो ठोकला त्याला फोनच्या एवढ्याशा पडद्यावर क्षणात दिसला.

फोटो पाठवायचे कशाला, याचं उत्तर हेच. माझ्याजवळ असताना त्या फोटोत एक ट्रॉली होती. बाहेर गेला तेव्हा त्यात ट्रॉली कुणाची, कोपरा कशाने चिरला, कुणी दुरुस्त केला हे सगळं आलं. इंजिनाची नोंद कुठे ना कुठे राहते. त्याला नंबर असतो, शेड असतं, कागद असतात. कामठी रोडवर मोतीबागला छोट्या लाईनचं संग्रहालय आहे, 2002 पासून. तिथे इंजिनं, डबे, जुनी यंत्रं मायेने ठेवली आहेत. मुलांना घेऊन जरूर जा. पण फाटकाजवळची खोली कुणी उचलून संग्रहालयात ठेवू शकत नाही. काम सुरू झालं की पहिल्या आठवड्यात जेसीबी तिच्यावरून जातो.

म्हणून आता गाडी गेल्यावर मी थांबतो. बघायला लागलं की रुळाकडेची प्रत्येक वस्तू काही सांगते. विजेच्या तारांच्या खांबांवर दोन आकडे असतात, वरचा किलोमीटरचा आणि खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. दुहेरी मार्गावर एका बाजूला सम आकडे, दुसऱ्या बाजूला विषम. इथले किलोमीटर मुंबईपासून मोजलेले, आणि मुंबई इथून 837 किलोमीटरवर. त्यामुळे वर्ध्याकडच्या रुळावरच्या एखाद्या फोटोत नुसता खांबाचा आकडा वाचता आला, तरी फोटो कुठे उभं राहून काढलाय ते सांगता येतं. पिवळ्या पाटीवरचं "सी/फा" म्हणजे पुढे फाटक आहे, शिटी वाजवा. कुंपणाला उभे गाडलेले जुने रूळ दिसले की त्यांच्या पोटावरून हात फिरवा. तिथे बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असतं, रंगाच्या थरांखाली बुजलेलं. त्यावरून खडू आडवा फिरवला की अक्षरं वर येतात. पहिल्यांदा असं साल वाचता आलं, तेव्हा मी तिथून बायकोला फोन केला होता.

खडू फिरवायचा तो रस्त्याकडच्या कुंपणावर, एवढं मात्र कळकळीने सांगतो. फोटोसाठी रुळात उतरू नका. रेल्वे कायद्याचं 147 वं कलम आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण कायदा राहू द्या, विजेचं इंजिन मागून येतं तेव्हा ऐकू येतं अशा भ्रमात कुणी राहू नये. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. पुलावरून सेल्फी स्टिक बाहेर काढणाऱ्या एका मुलाचा हात मी स्वतः मागे ओढलाय. प्लॅटफॉर्म, पूल, फाटकाच्या बाहेरची जागा, यांतून हवे तेवढे फोटो मिळतात. आणि फोटो काढल्यावर त्याखाली तारीख, जागा, खांबाचा नंबर लिहा. वीस वर्षांनी बघणाऱ्याला "सुंदर सकाळ" या दोन शब्दांचा काही उपयोग होणार नाही.

ट्रॉलीचा फोटो मोठा करून, फ्रेम करून मी उमरेडला घेऊन गेलो. आजोबांनी तो मांडीवर ठेवला आणि चौघांची नावं सांगितली. दोघं आता नाहीत. सुनेने चहा आणला, नातवाने भिंतीवर खिळा कुठे मारायचा ते ठरवलं. निघताना ते मला म्हणाले, "फाटकाजवळची आमची चाळ हाय का जी एखाद्या फोटोत? कडुलिंबाखालची? माही दोन्ही पोरं तिथंच झाली."

घरी येऊन मी सगळं धुंडाळलं. त्या फाटकावर मी किमान पाच वेळा उभा राहिलो होतो. एका फोटोत इंजिनाच्या मागे कडुलिंबाची फांदी आहे, तिच्याखाली कौलांचा हाताएवढा कोपरा, आणि पुढे सगळं इंजिन.

म्हणून आता मीच तुम्हाला विचारतो. तुमचं कुणी उमरेडचं, भिवापूरचं असेल, 2019 च्या आधी छोट्या गाडीने कुणी लग्नाला, यात्रेला गेलं असेल, तर जुने अल्बम एकदा काढा. माणसांच्या मागे बघा. कडुलिंब, कौलारू चार खोल्यांची चाळ, समोर फाटक. फोटो धूसर असला तरी चालेल. मला द्या, मी स्वतः उमरेडला नेऊन देईन.